ठिपका दिसला, पण पेशी दिसली का? नॅनोहिरे आणि फुफ्फुसातल्या मूळपेशींचं एक प्रकरण

२००५ साली नेदरलँड्समध्ये मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, ८ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. रुग्णाच्याच डेंड्रिटिक पेशी (रोगप्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख करून देणाऱ्या) प्रयोगशाळेत तयार करायच्या आणि लस म्हणून लसिकाग्रंथीत टोचायच्या, असा तो उपचार. सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत घातलेली, त्यामुळे ती ग्रंथीतच गेली असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. फक्त या वेळी त्या पेशींना आधी लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण खाऊ घातले होते, म्हणून त्या नंतर एमआरआयमध्ये दिसू शकल्या. निम्म्या रुग्णांत पेशी ग्रंथीत नव्हत्याच. सुई चुकली होती आणि टोचणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

या मूळपेशी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पेशी बनवू शकणाऱ्या पेशी, नव्हत्या. पण अडचण मूळपेशींचीही हीच आहे. उपचार लागू पडला नाही, तर पेशी कुचकामी होत्या, की त्या पत्त्यावर पोचल्याच नाहीत, की पोचून दुसऱ्या दिवशी मेल्या? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. लागू पडला तरी कोडं सुटत नाही. कारण बसवलेल्या पेशी तिथे रुजून नवी ऊती तयार करतात, की नुसते रासायनिक संदेश सोडून मरून जातात आणि दुरुस्ती शरीरच करतं, हे पेशींचा माग काढल्याशिवाय सांगता येत नाही.

लोहाची खूण एमआरआयमध्ये काळा डाग म्हणून उमटते. पेशी साधारण कुठे आहेत हे त्यावरून कळतं. पण एकेकटी पेशी, तिच्या शेजारी कोण बसलंय, ती कुठल्या भिंतीला टेकलीय, हे बघायचं तर प्रकाशच लागतो. म्हणून पेशीच्या पोटात उजळणारे नॅनोकण घालायची कल्पना पुढे आली. तिचं मला सापडलेलं सगळ्यांत बोलकं उदाहरण तैवानमधलं आहे.

प्रश्न काय होता

तैपेईच्या अकॅडेमिया सिनिका या संस्थेत हुआन-चेंग चांग हे भौतिक रसायनशास्त्रज्ञ बरीच वर्षं फ्लुओरेसंट नॅनोहिऱ्यांवर, म्हणजे एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगात उजळणाऱ्या हिऱ्याच्या अतिसूक्ष्म कणांवर, काम करत होते. हे कण सतत प्रकाश पाडला तरी फिके पडत नाहीत आणि पेशींना फारसे विषारी नसतात, हे त्यांच्या गटाने २००५ मध्येच दाखवलं होतं. पुढे त्यांनी मूळपेशींचे अभ्यासक जॉन यू यांच्याशी हातमिळवणी केली आणि २०१३ साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. प्रश्न सरळ होता. फुफ्फुसातल्या मूळपेशी उंदराच्या शिरेतून दिल्या, तर त्या इजा झालेल्या फुफ्फुसात नेमक्या कुठे जाऊन बसतात?

इजा कशी करायची, हे या प्रयोगात फार महत्त्वाचं आहे. त्यासाठी वापरलं होतं नॅप्थलिन, म्हणजे कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्यांतला पदार्थ. उंदराच्या शरीरात तो गेला की श्वसनिकांच्या (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिकांच्या) अस्तरातल्या क्लब पेशी त्याच्यावर रासायनिक प्रक्रिया करतात. या पेशींकडे त्यासाठी खास एन्झाइम असतं. ती प्रक्रियाच त्यांच्या जिवावर उठते, कारण त्यातून तयार होणारं द्रव्य विषारी असतं. शेजारच्या पेशींकडे ते एन्झाइम नसल्यामुळे त्या वाचतात. थोडक्यात, फुफ्फुसाला सरसकट मार न देता एका ठरावीक जागी, एका ठरावीक जातीच्या पेशी काढून टाकता येतात. (या पेशींना पूर्वी माक्स क्लारा या शरीररचनातज्ज्ञाचं नाव होतं. तो नाझी पक्षाचा सदस्य होता आणि त्याने देहदंड झालेल्या कैद्याची ऊती वापरली होती, म्हणून ते नाव मागे घेतलं गेलं. जुन्या पुस्तकांत ‘क्लारा पेशी’ दिसल्या तर त्या याच.)

दात्या पेशी, म्हणजे उंदरांना द्यायच्या मूळपेशी, निवडल्या होत्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून. सीडी५४ आणि सीडी१५७ ही दोन प्रथिनं असलेल्या, पण सीडी४५ नसलेल्या. हे ‘सीडी४५ नसलेल्या’ लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत या पेशी स्वतःच्या प्रती काढतात. शिवाय त्यांच्यापासून वायुकोशाच्या दोन्ही प्रकारच्या पेशी तयार होतात. पहिला प्रकार पातळ चादरीसारखा, त्याच्यातून वायूंची देवाणघेवाण होते. दुसरा जाडसर, वायुकोश मिटून चिकटू नये म्हणून लागणारा साबणासारखा द्रव तो स्रवतो.

हिराच का

फुफ्फुस हा फ्लुओरेसन्सच्या दृष्टीने वाईट अवयव आहे. त्यात इलॅस्टिन आणि कोलॅजेन भरपूर आणि ही दोन्ही प्रथिनं स्वतःच उजळतात. फुफ्फुसातले मॅक्रोफेज, म्हणजे आलेली धूळ आणि जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी, त्याही चांगल्याच चमकतात. त्यामुळे खूण न केलेल्या फुफ्फुसाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी तो काळाकुट्ट दिसत नाही. ज्या आकाशात चांदणी शोधायची, तेच मुळात धुरकट उजळलेलं.

हिरव्या उजळणाऱ्या प्रथिनाचं जनुक पेशीत घालणं हा एक रस्ता असतो. पेशी विभागली तरी ते जनुक दोन्ही लेकींकडे जातं, हा त्याचा मोठा गुण. पण त्यासाठी पेशीच्या जनुकांत हात घालावा लागतो आणि त्याचा हिरवा रंग नेमका फुफ्फुसाच्या स्वतःच्या उजेडाशी जुळतो. साधे रंग प्रकाशाच्या माऱ्याने विटतात. क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे उजळणारे नॅनोस्फटिक, झगझगीत असतात, पण त्यांतल्या अनेकांच्या गाभ्यात कॅडमियम असतं आणि वरचं कवच झिजलं तर ते पेशीत उतरतं.

हिऱ्याचं उजळणं निराळ्या जातीचं आहे. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची शिस्तबद्ध मांडणी. तिच्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आलेला असेल आणि त्याला लागूनची जागा रिकामी असेल, तर ती जोडी मिळून एक रंगकेंद्र बनतं. अशी केंद्रं मुद्दाम बनवता येतात. नायट्रोजन असलेल्या कृत्रिम हिऱ्याच्या भुकटीवर वेगवान आयनांचा मारा करून काही कार्बन अणू उडवायचे, मग निर्वातात सुमारे ८०० अंश सेल्सियसला तापवायचं. उष्णतेने रिकाम्या जागा सरकतात आणि नायट्रोजनपाशी येऊन थांबतात. हे केंद्र हिरवा प्रकाश घेतं आणि साधारण ६०० ते ८०० नॅनोमीटरमधला लाल प्रकाश देतं. केंद्र हिऱ्याच्या आत गाडलेलं असल्यामुळे पेशीतली रसायनं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते विटतही नाही.

नुसत्या रंगावर मात्र या गटाने भिस्त ठेवली नाही, आणि मला वाटतं या कामातली खरी हुशारी इथेच आहे. त्यांनी वेळेचा फायदा घेतला. लेझरची चमक पडल्यावर कुठलाही फ्लुओरेसंट रेणू लगेच विझत नाही, थोडा वेळ उजळत राहतो. ऊतीतले नैसर्गिक रेणू फार तर काही नॅनोसेकंदांत विझतात. नॅनोहिऱ्यातलं केंद्र त्याच्या कितीतरी पट जास्त टिकतं, १० नॅनोसेकंदांच्या बरंच पुढे.

हिशेब करून बघा. ऊतीच्या उजेडाचा सरासरी काळ ३ नॅनोसेकंद धरा, हिऱ्याचा २० धरा. चमकेनंतर पहिले १० नॅनोसेकंद कॅमेऱ्याचं दार बंद ठेवलं आणि मग उघडलं, तर ऊतीच्या उजेडातला शंभरातला जेमतेम ४ भाग उरलेला असतो. हिऱ्याचा उरतो ६० भाग. हिऱ्याचंही नुकसान होतं, पण गोंगाट जवळजवळ नाहीसा होतो, म्हणजे सौदा फायद्याचा. याला टाइम-गेटिंग म्हणतात. धुरकट आकाश काळं होतं आणि लाल ठिपके उरतात.

पेशींनी ते चालवून घेतलं का

कण पेशीत घालायला फार खटपट करावी लागत नाही. कण मिसळलेल्या द्रावात पेशी काही तास ठेवल्या की त्या आपणहून त्यांना वेढून आत ओढतात. मग न गिळलेले कण धुऊन टाकायचे. हे धुणं कंटाळवाणं असतं, पण इथे हात आखडता घेतला तर पुढचं सगळं वाया. कारण पेशींबरोबर मोकळे कणही शिरेत जातात आणि मोकळे कण कुठेही जाऊन बसू शकतात.

खूण केलेल्या पेशींची स्वतःच्या प्रती काढण्याची आणि दोन्ही प्रकारच्या वायुकोश-पेशींत बदलण्याची क्षमता नष्ट झाली नाही, असं निबंध सांगतो. शब्द नीट वाचा. ‘क्षमता नष्ट झाली नाही’ आणि ‘काहीच फरक पडला नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. लेखकांनी पहिलं केलं आहे आणि ते प्रामाणिक आहे. अशा कामांची बातमी होते तेव्हा मात्र बहुतेक वेळा दुसरंच छापून येतं.

काय दिसलं

नॅप्थलिनने इजा केलेल्या उंदरांना या पेशी शिरेतून दिल्या. नंतर फुफ्फुसाचे पातळ छेद घेऊन टाइम-गेटिंगने पाहिले. खूण केलेल्या पेशी शिरेतून दिल्यानंतर ७ दिवसांपर्यंत अंत्य श्वसनिकांपाशी, म्हणजे श्वासनलिकांच्या झाडाच्या वायुकोशांआधीच्या शेवटच्या फांद्यांपाशी, जास्त करून आढळल्या. तेही एकेक पेशी वेगळी ओळखता येईल इतक्या बारकाईने.

‘पेशी फुफ्फुसात सापडल्या’ एवढंच निष्पन्न झालं असतं, तर या निबंधात दम नव्हता. शिरेतून दिलेली कुठलीही पेशी आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जाते आणि तिथून थेट फुफ्फुसात. फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांची रुंदी १० मायक्रोमीटरहून कमी, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी पुष्कळदा त्याहून मोठ्या. त्या अडकणारच. हाडांच्या मगजातल्या पेशी शिरेतून देणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. हृदयासाठी द्या नाहीतर मेंदूसाठी, मोठा वाटा आधी फुफ्फुसातच अडकतो. तेव्हा फुफ्फुसात पेशी असणं याला ‘घरी परतणं’ म्हणता येत नाही. चाळणीत गाळ साचतो, तसंच ते.

इथे विधान त्यापेक्षा नेमकं आहे. पेशी वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात नुसत्या अडकल्या असत्या, तर त्या फुफ्फुसभर विखुरलेल्या दिसायला हव्या होत्या. पण कल दिसतो तो श्वसनिकांच्या टोकांकडे, आणि डांबरगोळीने क्लब पेशी मारल्या त्या श्वसनिकांमध्येच. इजेची जागा निवडक होती म्हणून पेशींच्या जागेला अर्थ आला. सगळं फुफ्फुस जाळणारं एखादं रसायन वापरलं असतं, तर हे विधान करताच आलं नसतं.

यावर एक शंका घेता येते आणि ती घ्यायलाच हवी. फुफ्फुसधमनीच्या फांद्या श्वासनलिकांना लागूनच धावतात, अगदी अंत्य श्वसनिकांपर्यंत. मग धमनीच्या टोकाशी अडकलेली पेशी छेदात ‘श्वसनिकेपाशी’ दिसू शकते. ‘पाशी’ आणि ‘अस्तरात’ यांत पेशीच्या एक-दोन रुंदीचंच अंतर आहे. ते मोजायचं तर धमनीची भिंत आणि श्वसनिकेचं अस्तर वेगवेगळ्या अँटिबॉडीने (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूने) रंगवून ठिपका कुठल्या बाजूला आहे हे बघावं लागतं. जोडीला इजा न केलेल्या उंदरांतही पेशी तिथेच जातात का, हेही पडताळावं लागतं.

ठिपका म्हणजे पेशी नव्हे

आता या तंत्राची सगळ्यांत नाजूक नस. सूक्ष्मदर्शकाखाली जो लाल ठिपका दिसतो तो हिऱ्याचा. पेशी आपण मनाने त्याच्याभोवती काढतो. हिरा न विटणारा, न झिजणारा. पेशी मेली तरी तो मागे उरतो. मेलेल्या पेशीचा मलबा उचलायला मॅक्रोफेज येतात, मलब्याबरोबर हिराही गिळतात आणि तितकेच छान उजळू लागतात. टिकाऊपणा हा ज्या कणाचा सगळ्यांत मोठा गुण, तोच इथे फसवतो. विटणारा रंग निदान मालकाबरोबर जातो तरी. लोहाचे कण वापरणाऱ्यांनाही हाच चकवा अनेकदा बसला आहे. हृदयात आठवडेच्या आठवडे ‘टिकलेल्या’ मूळपेशी म्हणजे प्रत्यक्षात लोह गिळलेल्या भक्षकपेशी निघाल्या.

सीडी४५ कामाला येतं ते इथे. हे प्रथिन पांढऱ्या पेशींवर, म्हणजे मॅक्रोफेजवरही असतं. दात्या पेशी निवडतानाच सीडी४५ नसलेल्या घेतल्या होत्या. मग फुफ्फुस एन्झाइमने सुटं करून पेशी सेल सॉर्टरमधून, म्हणजे खुणांवरून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रातून, एकेक करून सोडल्या, की प्रत्येकीला दोन प्रश्न विचारता येतात. तुझ्यात हिरा आहे का? तुझ्यावर सीडी४५ आहे का? हिरा आहे आणि सीडी४५ नाही, तर ती दात्याची पेशी असण्याची शक्यता भक्कम. दोन्ही असेल, तर हिरा भक्षकाच्या पोटात गेला. या गटाने नॅनोहिरे, सेल सॉर्टिंग, फ्लुओरेसन्सचा काळ मोजणारं सूक्ष्मदर्शन आणि इम्युनोस्टेनिंग (अँटिबॉडीने रंगवणं) एकत्र बांधले, त्यामागचं कारण हेच. सॉर्टर पेशीची जात सांगतो पण जागा पुसून टाकतो. छेद जागा सांगतो, पण तिथे जात ओळखायला अँटिबॉडी लागते. एकट्या हिऱ्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

दुसरी मर्यादा विभाजनाची. पेशी दोन झाल्या की कण वाटले जातात. सुरुवातीला पेशीत १,००० कण असतील, तर १० विभाजनांनंतर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी १ येतो. म्हणजे ज्या पेशी सगळ्यांत जोमाने वाढतात, त्याच आधी नजरेआड होतात. जी आळसावून बसलीय ती झगझगीत दिसते. नवी ऊती किती तयार झाली हे ठिपके मोजून ठरवणाऱ्याचा हिशेब नेमका उलटा येऊ शकतो.

आणि ‘माग काढला’ हा शब्दही जपून घ्यायला हवा. छेद घ्यायचा तर उंदीर मारावा लागतो. पहिल्या दिवसाचं फुफ्फुस एका उंदराचं असतं, सातव्या दिवसाचं दुसऱ्याचं. एकाच पेशीचा आठवडाभराचा प्रवास अशा प्रयोगात कोणी पाहत नाही. वेगवेगळ्या उंदरांची चित्रं ओळीने लावून आपण तो वाचतो.

निबंधाच्या शीर्षकात पेशींच्या पुनरुज्जीवनक्षमतेचाही उल्लेख आहे. माझ्या मते जागेबद्दलचा पुरावा त्यात सगळ्यांत पक्का आहे, दुरुस्तीबद्दलचा त्यामानाने सैल. नॅप्थलिनच्या इजेतून उंदीर काही आठवड्यांत आपला आपणच सावरतो, कारण मूठभर क्लब पेशी त्या विषाला दाद देत नाहीत आणि त्याच अस्तर पुन्हा भरतात. तेव्हा बऱ्या झालेल्या श्वसनिकेशेजारी दात्याची पेशी बसलेली दिसली, म्हणजे तिनेच ती बरी केली असं होत नाही.

पुढे

लाल प्रकाश हिरव्यापेक्षा ऊतीत खोल जातो, पण तरी काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटरच, आणि तेही पसरत, धूसर होत. उंदरात भागतं. मोठ्या प्राण्याच्या फुफ्फुसात बाहेरून बघून एकेक पेशी ओळखणं भौतिकशास्त्रालाच मान्य नाही. त्यामुळे नॅनोहिऱ्यांचा पुढचा उपयोग वेगळ्या वळणाने गेला. २०१७ मध्ये तैवानमधूनच मानवी मेसेन्कायमल पेशी (हाड, चरबी अशा ऊती बनवू शकणाऱ्या मूळपेशी) मिनिएचर पिग जातीच्या डुकरांत दिल्याचं काम आलं. तिथे भर होता तो प्राणी जिवंत असताना चित्र घेण्यापेक्षा ऊतीतले कण नेमके मोजण्यावर. त्यासाठी चुंबकाची युक्ती आहे. हिऱ्यातल्या केंद्राचा उजेड चुंबकीय क्षेत्रात थोडा मंदावतो, ऊतीच्या उजेडावर मात्र काही परिणाम होत नाही. चुंबक चालू-बंद करत राहायचं आणि उजेडाचा जो भाग त्या तालावर खालीवर होतो तेवढाच मोजायचा.

माणसात कण वापरायचे तर पहिला प्रश्न, ते जाणार कुठे? मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण ५-६ नॅनोमीटरहून मोठे कण बाहेर पडत नाहीत. या कामातले नॅनोहिरे त्याच्या कितीतरी पट मोठे. हिरा शरीरात विरघळतही नाही, त्यामुळे तो यकृत-प्लीहेत राहून जातो. विषारी नाही हे खरं, पण ‘विषारी नाही’ आणि ‘आयुष्यभर आत राहिला तरी चालेल’ यांत फरक आहे. आज माणसाच्या शरीरात पेशींचा माग काढायला किरणोत्सारी खुणा आणि पेट स्कॅन, किंवा एमआरआय, यांच्याकडेच वळावं लागतं. दोन्हींत एकेकटी पेशी वेगळी दिसण्याची आशा जवळजवळ सोडून द्यावी लागते.

कार्बनी रेणूंचे नॅनोडॉटही या शर्यतीत आहेत. हे रेणू सुटे असताना निस्तेज असतात आणि गोळा झाले की उजळतात. त्यांनी खूण केलेल्या चरबीतल्या मूळपेशी उंदराच्या पायात ४२ दिवस पाहता आल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पाय हा त्वचेलगतचा, सोयीचा अवयव. ४२ आणि ७ हे आकडे शेजारी ठेवून कुठला कण सरस असं ठरवू नये.

असा प्रयोग आखणाऱ्याला मी एक गट जास्तीचा घ्यायला सांगेन. पेशींत हिरे भरा, नीट धुवा, मग त्या पेशी मारा आणि तेवढ्याच संख्येने इजा झालेल्या उंदरांना द्या. महागडं यंत्र लागत नाही, फक्त काही उंदीर आणि एक आठवडा जास्त लागतो. त्या उंदरांच्या श्वसनिकांपाशीही लाल ठिपके तितकेच दिसले, तर जिवंत पेशींच्या गटाचे आकडे मांडण्याआधी सॉर्टरपाशी परत जावं लागेल.